दहा चिंचोके

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चिंचा फोडल्या. पडवीत गोणपाट अंथरलं होतं. ती पाटावर, मी खाली. मी टरफल फोडून शिरा ओढायचो, ती चिंचोका काढून गर मिठाच्या बरणीत दाबायची. होळी यायची होती, हवा बरी होती. तिला दम लागत होता. पण तो वर्षभर लागत होता, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मी चार बुकं शिकलेला सुतार, मला सजवून लिहिता येत नाही. लक्ष दिलं नाही, एवढंच खरं आहे.

चिंचोक्यांचा ढीग झाला तशी तिनं कमरेची पत्र्याची डबी काढली. पेपरमिंटच्या गोळ्यांची जुनी डबी. तिच्यात कायम दहा चिंचोके असायचे. त्यातल्या दोनांना किड्यानं भोकं पाडली होती. तिनं डबी माझ्यापुढे सरकवली.

"दोन नवे घाला. टणक बघून."

मी बघतच राहिलो. सहा वर्षं त्या डबीला हात लावायची मला बंदी होती.

"बघताय काय? मऊ माणसालाच टणक ओळखता आलं पाहिजे."

मी दोन निवडले, दाताखाली धरून पाहिले, किडके दोन काढले आणि हे डबीत टाकले. तिनं डबी परत मागितली नाही. बरणीवर फडकं बांधलं, भाकरी खाल्ली, निजलो. सकाळी ती उठली नाही.

शरणपुरात, नाशकाजवळच्या आमच्या मिशनच्या वस्तीत, तिला कोणी नावानं ओळखत नव्हतं. लग्नाला अडतीस वर्षं झाली तरी ती मिसबाईच. मीही मिसबाईच म्हणायचो. ती मला चारचौघांत अहो म्हणायची आणि घरात सुतार. मोठ्या दुष्काळात कुणीतरी तिला मिशनच्या फाटकाशी ठेवून गेलं होतं. तिथल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या मडमेनं तिला पियानो शिकवला. चुकलं की बोटांच्या सांध्यांवर लाकडी पट्टी. उजव्या हाताची करंगळी तिची तेव्हापासून वाकडी होती. पुढं ती स्वतः पोरींना पियानो शिकवायला लागली, पण कुणाला मारायची नाही. एकदा एका पोरीच्या आईनं हात जोडून म्हटलं, मिसबाई, दोन फटके द्या पण असं बसवून ठेवू नका, पोर घरी येऊन जेवत नाही. ती म्हणाली, "मार खाल्ला की पोराला वाटतं फिटलं. मी फिटू देत नाही."

आमच्या घरातला पियानो देवळालीच्या छावणीतल्या एका गोऱ्या कप्तानाचा. त्याची बदली झाली, त्यानं सामान विकायला काढलं. उंदरांनी आतला नमदा, म्हणजे हातोड्यांवरचं लोकरीचं जाड कापड, खाल्ला होता, म्हणून तो आमच्यासारख्यांना मिळाला. मी तीन महिने खपून तो उभा केला. छावणीत असली कामं करून करून माझे कान तयार झाले होते. कागदावरचं मला काही कळत नाही, आजही नाही. पण सूर अडखळला तर मला कळतं, शेजारच्या खोलीत हातोडा खिळ्यावरून घसरला की कळतं तसं.

दरसाल विलायतेहून एक परीक्षक यायचा आणि देवळालीच्या हॉलात पोरींची परीक्षा घ्यायचा. पहिली, मधली आणि वरची. पहिली कुणीही पास होतं. वरचीपर्यंत आमच्याकडची एकही गेली नाही. सगळा मामला मधलीचा. मधली पास झालेली पोरगी शाळेत प्रार्थना वाजवू शकते, लहान मुलांना शिकवू शकते, स्वतःच्या पायावर उभी राहू शकते. नापास झालेली पोरगी म्हणजे लग्नाची पोरगी. आणि आईबाप नसलेल्या किंवा असून नसलेल्या पोरींना कोणती स्थळं येतात ते मला सांगायला नको.

परीक्षेला यादीतला एक तुकडा निवडायचा असे. तुकडा म्हणजे वाजवायची एक चीज, दोन-तीन पानांची. तो निवडण्यातच मिसबाईचं खरं डोकं होतं. लोक कागदावरची शाई बघायचे. काळं काळं दिसलं की अवघड, पांढरं जास्त दिसलं की सोपं. त्यांना ती हसायची. तिला तुकडा वाजवून बघावा लागत नसे. कागद जेवणाच्या टेबलावर पसरायची, उजव्या हाताच्या ओळीवर पाटी ठेवून ती झाकायची आणि फक्त डाव्याची ओळ वाचायची. म्हणायची, उजवा हात मिरवतो, ओझं डावा वाहतो. मग बोट फिरवत फिरवत एका जागी थांबायची आणि तिथं पेन्सिलनं फुली मारायची.

फुलीला ती गाठ म्हणायची. हा शब्द माझा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी तिला सांगितलं होतं की फळी केवढी लांब आहे त्यावर काम अवघड ठरत नाही, गाठ कुठं आहे त्यावर ठरतं. बाकी सगळी फळी लोण्यासारखी असली तरी रंधा गाठीवरच मोडतो. तिनं ते उचललं. माझं उचललं असं मात्र कुणाला सांगितलं नाही. पोरींना वाटायचं हे विलायतेचं शास्त्र आहे.

गाठ सापडली की टेबलावर पोरीचा पंजा पसरून घ्यायची. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत किती पोचतो ते स्वतःच्या वितीशी लावून बघायची. मग टेबलाच्या लाकडावरच तिच्याकडून ती गाठ वाजवून घ्यायची, मुकी. त्यावर निकाल. सोपा, मधला, अवघड. आणि चौथा एक प्रकार तिचा स्वतःचा होता, लबाड. लबाड म्हणजे संथ, पांढराशुभ्र, दिसायला कुणालाही जमेल असा. त्यात दर सूर उघडा पडतो, लपायला जागा नाही. "धावणाऱ्या तुकड्यात चूक पळून जाते. ह्यात ती उभी राहून तोंड दाखवते," असं म्हणायची.

एकदा नाशकातले एक वकील टांगा घेऊन आले. घरी पंधरा दिवसांनी कलेक्टर जेवायला यायचा होता आणि मुलीनं त्याच्यापुढं काहीतरी भारी वाजवावं अशी त्यांची इच्छा. कागदही मुंबईहून मागवलेला, वर सोनेरी अक्षरं. मुलगी नऊ-दहा वर्षांची, नव्या झग्यात. मिसबाईनं पाटी ठेवली, फुली मारली, मुलीचा पंजा पसरला आणि कागद वकिलांच्या हातात परत दिला. "लहान तुकडा आणा, नाहीतर मोठा हात आणा." वकील म्हणाले, तुम्ही प्रयत्न तर करा, पोरगी हुशार आहे. ती म्हणाली, "हुशार असेल. हात हुशारीनं वाढत नाही. कलेक्टरपुढं ती रडेल, आणि कलेक्टर जेवून जाईल." मुलगी तिथंच रडायला लागली. मिसबाई तिला म्हणाली, झालं, तालीम झाली. ते गिऱ्हाईक गेलं, त्यांच्या ओळखीतली आणखी दोन गेली. मी बोललो तर म्हणाली, सुतार, तुम्ही कुणाला ओल्या लाकडाचं कपाट करून देता का?

आता चिंचोके. तिची रीत अशी होती की पोरीनं तुकडा पहिल्यापासून वाजवायचाच नाही. पहिला महिनाभर फक्त गाठ. दोन रेघांमधल्या त्या एका जागेला ती बार म्हणायची, तेवढा एक बार. आधी डावा हात एकटा, मग उजवा एकटा, मग दोन्ही मुंगीच्या चालीनं. डाव्या बाजूला दहा चिंचोके मांडायचे. एकदा बिनचूक वाजलं की एक चिंचोका उजवीकडे. चुकलं की सगळे मागे. एक नव्हे, सगळे. नवव्याला चुकलं तरी सगळे. दहा उजवीकडे गेल्याशिवाय, नाहीतर दिवस मावळल्याशिवाय, स्टुलावरून उठायचं नाही, पाणी नाही, शाळा बुडाली तर बुडाली. हिवाळ्यात पियानोवर गरम पाण्याचा पितळी लोटा ठेवायची आणि पोरींना बोटं बुडवायला सांगायची. लोकांना ती माया वाटायची. ती म्हणायची, थंड बोटाला चुकायला सबब मिळते.

सगळा वेळ ती शेजारी बसायचीही नाही. चिंचोके पोरीच्या हाती देऊन आतल्या खोलीत जायची, तांदूळ निवडत ऐकायची. चूक झाली की आतून ओरड यायची, "मागे!" पुढं पुढं ओरडही बंद. आतून आवाज आला नाही की पोरी जास्त घाबरायच्या आणि आपणच सगळे मागे सारायच्या. असं तिनं त्यांना करून ठेवलं होतं.

सहा वर्षांपूर्वी मिशनच्या बोर्डिंगातली सलोमी नावाची पोर होती. अनाथ, सतरा वर्षांची, हडकुळी, हात मात्र लांब. मिसबाईनं तिला लबाड तुकडा दिला. म्हणाली हिचं डोकं थंड आहे, ही लपायला बघणार नाही. त्यातली गाठ अशी होती की उजव्या हातानं तीन सूर वाजवायचे तेवढ्याच वेळात डाव्यानं दोन, आणि दोघांनी शेवटी बरोबर एका ठिकाणी पोचायचं. मला ते ऐकायला करवत ओढणाऱ्या दोन माणसांसारखं वाटायचं, एक लांब हाताचा, एक आखूड. पाच महिन्यांत सलोमी सात-आठपर्यंत यायला लागली होती. दहा अजून झाले नव्हते.

आणि परीक्षेच्या आधी तीन आठवडे मिसबाईला मुदतीचा ताप आला. शुद्ध नसायची. मधे एकदा शुद्धीवर आली तेव्हा डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, कान आहेत ना तुम्हाला, बसा.

बसलो. पहिल्या दिवशी आठ गेले, नवव्याला डावा हात जरासा मागे पडला. केसाएवढा. सलोमीनं माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, आणि आत बाईचा ताप उतरत नव्हता. मी नववा उजवीकडे सारला. मग दहावाही सारला. ती उठली, लोटाभर पाणी प्याली. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ती पाचव्यालाच चुकली आणि पाहिलं. मी सारला. तीन आठवडे मी सारत गेलो. तिला सवय झाली की तिथं अडखळायचं आणि वर बघायचं. ती सवय मी लावली.

परीक्षेच्या दिवशी मिसबाई उठून बसण्याइतकी झाली होती. टांग्यात उशा घालून तिला देवळालीला नेली. आम्ही हॉलाबाहेरच्या बाकावर बसलो. सलोमीनं सुरुवात छान केली. गाठ आली आणि ती थांबली. मला आत दिसत नव्हतं, पण मला माहीत होतं, तिनं वर बघितलं असणार. साहेब काहीतरी बोलला. तिनं पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच थांबली. तिसऱ्यांदाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

घरी आल्यावर मिसबाईनं सलोमीला विचारलं, दहा कोणत्या दिवशी झाले होते? सलोमीनं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यावरून मिसबाई समजली.

"किती वेळा सारलेत?"

मी म्हणालो, पोरीचे हाल बघवत नव्हते.

"तुम्हाला बघवत नव्हते. म्हणून तुम्ही तुमची सोय केली." पोरीसमोर बोलली. आवाज चढवला नाही. "आता बोर्डिंगात जा आणि तिथल्या मडमेला सांगा, ही नापास झाली आणि कशामुळं झाली. तुमच्या तोंडानं. मी येणार नाही."

मी गेलो, सांगितलं. मडम म्हणाली फार वाईट झालं. महिन्याभरात सलोमीला मालेगावकडच्या एका बिजवराला दिली. चार पोरांचा बाप, दात पडलेला, गावोगाव शुभवर्तमान सांगत हिंडायचा. लग्नात पियानो मिसबाईनं वाजवला. त्या दिवसापासून डबी तिच्या कमरेला.

तीन वर्षांनी सलोमी एकदा आली. कडेवर मूल, एक हाताशी. नवरा पाद्रीसाहेबांकडे गेला होता, तेवढ्यात ती आमच्याकडे आली. चहा घेतला नाही. मूल जमिनीवर ठेवून न विचारता स्टुलावर बसली आणि ती गाठ वाजवली. तीन आणि दोन, अगदी बरोबर एका ठिकाणी. पुन्हा वाजवली. दहा वेळा. चिंचोके कुणी मांडले नव्हते. मी मनात मोजत होतो, मिसबाईही मोजत असणार.

"पियानो आहे तिकडे?" मिसबाईनं विचारलं.

"नाही मिसबाई. पाटावर वाजवते. चुलीपाशी."

"आता येतं."

"हो. आता येतं."

तिनं मूल उचललं आणि गेली. माझ्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही. मिसबाई स्वयंपाकाला लागली. जेवताना म्हणाली, सुतार, आमटीत मीठ कमी आहे का? तेवढंच.

आणि आता ही मनोरमा. छावणीतल्या खानसाम्याची मुलगी, अठरा वर्षांची, पुढच्या दातांत फट. आईमागे बापानंच वाढवली, आणि आता त्याला ती घरात नको होती. इगतपुरीच्या रेल्वेतल्या एका माणसाला त्यानं शब्द दिला होता. त्याची पहिली बायको विहिरीत सापडली, हे आख्ख्या इगतपुरीला माहीत होतं आणि खानसाम्यालाही. बोर्डिंगातली म्हातारी मडम या उन्हाळ्यात विलायतेला परत जाणार होती, प्रार्थना वाजवायची जागा रिकामी होणार होती. पाद्रीसाहेब बापाला म्हणाले, मधली पास झाली तर जागा हिची, राहायला खोलीही. बाप म्हणाला, नापास झाली तर मग मला कुणी काही बोलायचं नाही.

मिसबाईनं तिलाही लबाड तुकडा दिला. सलोमीचाच. कागदावर तीच फुली, सहा वर्षांपूर्वीची. मी म्हणालो, दुसरा द्या, यादीत आठ आहेत. ती म्हणाली, "तुकड्याचा दोष नव्हता." मनोरमा दहा कधी करायची, कधी नाही. चार दिवसांवर परीक्षा आली होती. त्याच संध्याकाळी आम्ही चिंचा फोडल्या.

सकाळी मी चहा ठेवून हाक मारली. ओ आली नाही. जाऊन हात लावला, गार होता. मी तिचे डोळे मिटले, करंगळी सरळ करायला गेलो, ती होईना. मग शेजारी सांगायला जावं म्हणून पायात वहाणा घातल्या. तेवढ्यात फाटक वाजलं. मनोरमा सातला यायची.

मी तिथंच उभा राहिलो. मयत झालं म्हटलं की घर माणसांनी भरणार. पियानोवर चादर पडणार, चार दिवस कुणी झाकण उघडू देणार नाही, उघडलं तर लोक पोरीच्या तोंडावर थुंकतील. दुसरा पियानो तिला कोण देणार? सलोमी तर मुकी पाटावर शिकली, पण तिला तीन वर्षं लागली.

मी वहाणा काढल्या. आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. चहाचं आधण तसंच होतं, ते पितळी लोट्यात ओतलं आणि पियानोवर ठेवलं.

मनोरमा आत आली. "मिसबाई?"

"आत आहेत. बस."

तिनं बोटं बुडवली, पुसली. मी डबी उघडून दहा चिंचोके डावीकडे मांडले. माझ्या हातात डबी बघून तिला नवल वाटलं. दाराकडे एकदा बघितलं आणि सुरू केलं.

सातव्याला चुकली. मी सगळे मागे सारले. मग चौथ्याला. मग आठव्याला. तिच्या मानेवर घाम आला. पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाली, "काका, मिसबाई काही बोलत नाहीत आज. झोपल्यात का? एवढा एक सारा ना."

"डाव्या हातानं सुरू कर."

ती रडायला लागली. रडत वाजवलं. रडताना चूक होणारच, झाली. मी सारले मागे. सूर्य खिडकीत आला, लोट्यातलं पाणी निवलं. मधे एकदा नऊ झाले आणि दहाव्याला डावा हात जरासा मागे पडला. केसाएवढा. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. ती माझ्या हाताकडे बघत होती.

मी सगळे मागे सारले.

आता ती रडली नाही. तोंड पुसलं, पाठ ताठ केली, आणि माझ्याकडे बघायचं सोडून दिलं. एक. दोन. तीन. मी सारत होतो. नवव्यानंतर तिनं श्वास घेतला, घाई केली नाही, आणि तीन आणि दोन बरोबर एका ठिकाणी पोचले.

मी दहावा उजवीकडे सारला. दहाही डबीत भरले, झाकण लावलं, डबी खिशात घातली. उद्याही सातलाच यायचं, घरात कितीही माणसं असली तरी, असं तिला सांगितलं.

मग उठून आतलं दार उघडलं.